प्राणवायूचे उतावळे रेणू आणि कर्करोगाची पेशी

भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, मध्य प्रदेशच्या सीमेजवळ, तुमसर तालुक्यात नाकाडोंगरी हे गाव आहे. जंगल, भाताची शेते आणि मँगनीजच्या खाणी ही या परिसराची ओळख होय. जवळच्या डोंगरी बुजुर्ग येथील खुल्या खाणीतून निघणारे खनिज मँगनीज डाय-ऑक्साइडने समृद्ध असून विजेरीत घालावयाचे शुष्क विद्युत घट तयार करण्यासाठी त्याचा उपयोग होतो. काळेभोर आणि हाताला काजळीसारखे लागणारे हे खनिज येथील लहान मुलांच्याही परिचयाचे आहे.

शाळेच्या प्रयोगशाळेत या पदार्थाचा एक प्रयोग करून दाखविण्यात येतो. परीक्षानळीत हायड्रोजन पेरॉक्साइडचा सौम्य द्राव घेऊन त्यात मँगनीज डाय-ऑक्साइडची चिमूटभर पूड टाकली, की द्राव फसफसू लागतो. टोकाशी नुसताच निखारा उरलेली काडी नळीच्या तोंडाशी धरली तर ती पुन्हा पेट घेते. बाहेर पडणारा वायू प्राणवायू आहे, हे त्यावरून सिद्ध होते. हायड्रोजन पेरॉक्साइडचे पाणी आणि प्राणवायू असे विघटन झालेले असते. पूड मात्र होती तेवढीच शिल्लक राहते. ती केवळ उत्प्रेरकाचे काम करते.

हेच मँगनीज अत्यल्प प्रमाणात माणसाच्या पेशीपेशीत असते आणि तेथेही त्याचा संबंध हायड्रोजन पेरॉक्साइडशीच येतो. परीक्षानळीत मँगनीज या द्रव्याचा नाश घडवून आणते, पेशीत मात्र ते द्रव्य तयार होण्यास मदत करते. जंतुनाशक म्हणून जखमेवर लावण्यात येणारे हे दाहक द्रव्य शरीर स्वतःच्या पेशीत मुद्दाम का तयार करीत असावे, हा प्रश्न शास्त्रज्ञांना अनेक वर्षे पडला होता. त्याचे जे उत्तर गेल्या तीन-चार दशकांत मिळत गेले, त्यामुळे कर्करोगाकडे पाहण्याची दृष्टी बदलली आहे. त्या उत्तराचा संबंध पूर्व विदर्भातील पानठेल्यावर मिळणाऱ्या खर्ऱ्याशी जसा आहे, तसाच औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या काही आकर्षक वेष्टनांतील गोळ्यांशीही आहे.

(येथे एक खुलासा आवश्यक आहे. पेशीला लागणारे मँगनीज रोजच्या धान्यातून व भाज्यांतून पुरेसे मिळते. खाणीतील धूळ दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यास मेंदू व मज्जासंस्था यांवर दुष्परिणाम होतात. ग्लासगोचे कूपर यांनी मँगनीजची भुकटी करणाऱ्या कामगारांतील असा विकार १८३७ मध्येच नोंदविला होता.)

एकेका इलेक्ट्रॉनाची देवघेव

आपण श्वासावाटे घेतलेल्या प्राणवायूपैकी बहुतांश प्राणवायू पेशीतील तंतुकणिकांत वापरला जातो. तंतुकणिका म्हणजे पेशीची भट्टी. अन्नापासून निघालेले इलेक्ट्रॉन तेथे प्राणवायूच्या रेणूला मिळतात आणि शेवटी पाणी तयार होते. यासाठी प्रत्येक रेणूला चार इलेक्ट्रॉन लागतात. ते चारही व्यवस्थित मिळाले तर काहीच बिघडत नाही. परंतु भट्टीतून मधूनमधून एखादा इलेक्ट्रॉन निसटतो आणि प्राणवायूच्या रेणूला एकटाच जाऊन चिकटतो. अशा अर्धवट रेणूला सुपरऑक्साइड म्हणतात. त्याला आणखी एक इलेक्ट्रॉन मिळाला की हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. तिसरा इलेक्ट्रॉन मिळाला, विशेषतः लोह किंवा तांबे यांच्या सान्निध्यात मिळाला, तर हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होते. या सर्वांना मिळून प्राणवायूचे क्रियाशील रेणू असे म्हटले जाते. आपला अर्धवटपणा पुरा करण्यासाठी ते समोर येईल त्या रेणूशी क्रिया करावयास धावतात, म्हणून त्यांना उतावळे म्हटले तरी चालेल.

या तिघांचा स्वभाव मात्र एकसारखा नाही, आणि पुढील सर्व विवेचन या फरकावर अवलंबून आहे. हायड्रॉक्सिल मूलक अतिशय जहाल असते. ते जेथे जन्मते तेथेच, क्षणाच्या अत्यल्प अंशात, शेजारच्या रेणूवर तुटून पडते. तो शेजारी जर जनुकद्रव्य म्हणजे डीएनए असेल, तर त्यातील ग्वानिन या घटकात बदल होतो. अशा बदललेल्या ग्वानिनमुळे पेशीविभाजनाच्या वेळी चुकीचे अक्षर उतरवले जाऊन कायमचे उत्परिवर्तन होऊ शकते. सुपरऑक्साइडवर विद्युत भार असल्याने ते पेशीच्या पटलांतून सहजी पलीकडे जाऊ शकत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड त्या मानाने संथ आहे. ते काही अंतर प्रवास करते, पटलांतील जलवाहिन्यांसारख्या छिद्रांतून पार होते, आणि प्रत्येकाशी भांडण न करता ठराविक रेणूंशीच क्रिया करते.

या रेणूंचा अभ्यास प्रथम सुरू झाला तो विष म्हणून. १९५४ मध्ये अमेरिकेत रिबेका गर्शमन, डॅनियल गिल्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे दाखविले, की अतिरिक्त प्राणवायूने होणारी इजा आणि क्ष-किरणांनी होणारी इजा यांच्या मुळाशी एकाच प्रकारचे मुक्त मूलक असावेत. १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठातील जो मकॉर्ड व आयर्विन फ्रिडोविच यांनी सुपरऑक्साइडची विल्हेवाट लावणाऱ्या विकराचा शोध जाहीर केला. या विकराचे नाव सुपरऑक्साइड डिस्म्युटेज. पेशीच्या द्रवात असलेल्या विकरात तांबे व जस्त असते. तंतुकणिकांतील विकरात मात्र मँगनीज असते. सुपरऑक्साइडच्या दोन रेणूंपासून एक प्राणवायूचा व एक हायड्रोजन पेरॉक्साइडचा रेणू करणे हे त्याचे काम. हे काम किती महत्त्वाचे आहे याची कल्पना १९९५ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका प्रयोगावरून येते. ज्या उंदरांत हे मँगनीजयुक्त विकर मुळीच तयार होणार नाही अशी योजना केली होती, त्यांपैकी बहुतेक पिल्ले जन्मल्यापासून दहा दिवसांच्या आसपास हृदयाच्या विकाराने मेली.

तयार झालेले हायड्रोजन पेरॉक्साइड साठत राहू नये म्हणून पेशीत कॅटॅलेज, ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज, पेरॉक्सिरेडॉक्सिन अशी इतर विकरे सज्ज असतात. ती परीक्षानळीतील काळ्या पुडीचे काम करतात. येथवरची हकीकत ऐकून कोणाचाही समज असा व्हावा, की शरीर एका विषाशी सतत झुंजत असून त्याला बाहेरून मदत केली म्हणजे कर्करोग टळेल. पुष्कळ वर्षे संशोधकांचाही समज असाच होता.

पाटाचे दार

या समजाला धक्का देणारे पुरावे १९९० नंतर पुढे आले. त्यांचे महत्त्व समजण्यासाठी पेशीतील संदेशवहनाची थोडी ओळख करून घेणे इष्ट ठरेल.

पेशी आपल्या मर्जीने वाढत नाही. जखम भरून काढावयाची असेल, झिजलेली त्वचा बदलावयाची असेल, तर शरीराकडून वृद्धिघटक नावाची प्रथिने येतात आणि पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहकाला जोडली जातात. ग्राहक जागा झाला की पेशीच्या आतील एका प्रथिनावर फॉस्फेटची खूण उमटते, ते प्रथिन पुढच्यावर खूण उमटवते आणि असे करीत निरोप केंद्रकापर्यंत पोहोचतो. खूण उमटवणाऱ्या विकरांना कायनेज आणि ती पुसून टाकणाऱ्या विकरांना फॉस्फेटेज म्हणतात. भाताच्या शेताला पाटाचे पाणी देताना जसे दार उघडणे आणि पाळी संपताच ते बंद करणे ही दोन्ही कामे सारख्याच महत्त्वाची असतात, तसाच हा प्रकार आहे. कायनेज दार उघडते. फॉस्फेटेज हा दार लावणारा पाटकरी होय.

आता या पाटकऱ्याच्या हातात एक नाजूक जागा आहे. प्रथिनांच्या या कुलातील अनेक विकरांच्या क्रियाकेंद्रात सिस्टीन नावाचे गंधकयुक्त ॲमिनो आम्ल असते. हायड्रोजन पेरॉक्साइड नेमके त्याच गंधकाशी क्रिया करते. तेवढ्या काळापुरता पाटकरी निकामी होतो, दार उघडे राहते आणि वाढीचा निरोप जोराने पुढे जातो. काही वेळाने थायोरेडॉक्सिन व ग्लुटाथायोन यांच्या साहाय्याने गंधक पूर्ववत होते आणि दार पुन्हा बंद केले जाते. हा बदल उलटविता येण्यासारखा आहे, यातच त्याची उपयुक्तता आहे.

हे केवळ तर्काने मांडलेले नाही. १९९५ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील टोरेन फिंकेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तवाहिन्यांच्या स्नायुपेशींना वृद्धिघटक दिला, तेव्हा पेशींत हायड्रोजन पेरॉक्साइडचे प्रमाण थोड्या वेळापुरते वाढलेले त्यांना आढळले. पेशींत आधीच कॅटॅलेज वाढवून ठेवले, तर पेरॉक्साइडही वाढेना आणि वाढीचा निरोपही पुढे जाईना. ज्याला विष समजत होतो तो निरोप्या निघाला. पुढे १९९८ मध्ये पीटीपी-१बी या फॉस्फेटेजवर आणि २००२ मध्ये पीटेन या महत्त्वाच्या आवरोधक प्रथिनावर पेरॉक्साइडचा असा परिणाम होतो, हे सिद्ध झाले. पीटेन बिघडल्यास कर्करोग होऊ शकतो, हे १९९७ पासून ज्ञात होते; त्यामुळे या दुसऱ्या शोधाचा अर्थ संशोधकांच्या तत्काळ ध्यानात आला.

पेशी हा निरोप्या तंतुकणिकांतील गळतीवरच सोडून देत नाही. तिच्या पटलात नॉक्स या नावाने ओळखली जाणारी विकरे असून सुपरऑक्साइड निर्माण करणे एवढेच त्यांचे काम आहे. रक्तातील पांढऱ्या पेशी याच जातीच्या विकराच्या बळावर जंतूंना मारतात. इतर पेशी त्याचा उपयोग बेताने, ठराविक जागी आणि ठराविक वेळेपुरता करतात.

बंद न होणारे दार

कर्करोगाच्या पेशीत बिघडते ते हे प्रमाण, ही जागा आणि ही वेळ. १९९१ मध्ये स्झाट्रोव्स्की व नेथन या संशोधकांनी माणसाच्या निरनिराळ्या अर्बुदांतून वाढविलेल्या पेशी तपासल्या आणि त्या कोणतीही चिथावणी नसताना हायड्रोजन पेरॉक्साइड मोठ्या प्रमाणात बाहेर टाकतात असे नोंदविले. १९९७ मध्ये रास या कर्कजनुकाने बदललेल्या पेशींत सुपरऑक्साइड सतत तयार होते आणि ते शोषून घेतल्यास पेशींचे भराभर विभाजन मंदावते, असे आढळले. म्हणजे वृद्धिघटकाचा निरोप आलेला नसतानाही निरोप्या गावभर हिंडून दवंडी देत असतो, आणि शेते पाण्याखाली जातात.

एवढ्यावर हे थांबत नाही. वाढणाऱ्या गाठीच्या मध्यभागी रक्त पुरेसे पोहोचत नाही व प्राणवायूची टंचाई होते. अशा स्थितीत एचआयएफ नावाचे प्रथिन टिकून राहते आणि नवीन रक्तवाहिन्या आणविण्याची व्यवस्था करते. क्रियाशील रेणू या प्रथिनाला टिकून राहण्यास मदत करतात. शेजारच्या ऊतींत घुसणे, दाह चालू ठेवणे यांसारख्या क्रियांतही त्यांचा हात असल्याचे दिसून आले आहे.

मग या रेणूंनी कर्करोगाची पेशीच का मरत नाही? कारण तीही हुशार असते. क्रियाशील रेणू फार वाढले तर तिचाही नाश अटळ आहे. म्हणून ती एका हाताने ते वाढविते आणि दुसऱ्या हाताने त्यांच्यापासून बचाव करणारी यंत्रणा मजबूत करते. या यंत्रणेचा सूत्रधार एनआरएफ-२ हे प्रथिन होय. रास व इतर कर्कजनुके या सूत्रधारालाच कामाला लावतात, असे २०११ मध्ये दाखविण्यात आले. फुप्फुसाच्या काही कर्करोगांत तर त्याचा लगामच उत्परिवर्तनाने तुटलेला असतो. डोंबारी दोरीवरून चालताना काठीचा तोल सांभाळतो, तशी ही पेशी तोल सांभाळून असते.

मँगनीजयुक्त विकराची कहाणीही अशीच दुहेरी आहे. १९७९ मध्ये लॅरी ओबर्ली व गॅरी ब्युटनर यांनी अनेक अर्बुदांत हे विकर कमी असल्याकडे लक्ष वेधले होते. ज्या उंदरांत ते निम्मेच तयार होते, त्यांना वाढत्या वयात कर्करोग अधिक प्रमाणात होतो. यावरून ते कर्करोगाला अटकाव करणारे आहे असे वाटते. उलट, पुढच्या अवस्थेतील व शरीरात पसरलेल्या कित्येक कर्करोगांत ते वाढलेले सापडते. सुरुवातीला जे पहारेकरी होते, ते नंतर चोराच्याच घराची राखण करू लागते.

खर्ऱ्यातील रसायन

आतापर्यंतचे विवेचन पेशीच्या आत तयार होणाऱ्या रेणूंविषयी झाले. हेच रेणू तोंडात बाहेरून तयार करण्याची एक सोय पूर्व विदर्भात गावोगावी आहे. बारीक कातरलेली सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीत घालून घोटला की खर्रा तयार होतो. पश्चिम महाराष्ट्रातील मावा हा त्याचाच भाऊ. भंडारा, गोंदिया, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांत शेतावर, खाणीवर, कार्यालयात आणि खेदाची गोष्ट म्हणजे शाळेच्या फाटकाबाहेरही तो चघळला जातो. त्यातील तंबाखू घातक आहे, हे आता बहुतेकांना मान्य आहे. तंबाखूतील नायट्रोसामाइन या संयुगांमुळे कर्करोग होतो, याबद्दल शंका उरलेली नाही. परंतु तंबाखू वगळली म्हणजे उरलेला सुपारी-चुना निरुपद्रवी, असा जो समज सुशिक्षितांतही आढळतो, तो चुकीचा आहे.

सुपारीत कॅटेचिन व टॅनिन या प्रकारची तुरट द्रव्ये भरपूर असतात. नुसत्या सुपारीत ती बऱ्यापैकी स्थिर असतात. चुना मिसळला की मिश्रण अल्कधर्मी होते आणि या द्रव्यांचे हवेतील प्राणवायूने आपोआप ऑक्सिडीकरण होऊ लागते. विडा रंगतो, तो या क्रियेमुळेच. या क्रियेत सुपरऑक्साइड व हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. सुपारीतच असलेल्या लोह व तांबे यांच्या अंशांमुळे त्यांतून पुढे हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होण्यास वाव मिळतो. ऊर्मिला नायर, हेल्मुट बार्ट्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्रान्समधील लियाँ येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत हे रसायन १९८७ पासून टप्प्याटप्प्याने उलगडून दाखविले. विड्याच्या घटकांच्या सान्निध्यात ठेवलेल्या डीएनएत वर उल्लेखिलेला ग्वानिनचा बदल होतो, हे त्यांनी परीक्षानळीत सिद्ध केले. सुपारी व चुना चघळणाऱ्यांच्या तोंडात प्रत्यक्ष हायड्रॉक्सिल मूलक तयार झाल्याच्या खुणा त्यांना लाळेत सापडल्या, हे १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले.

या कामाला महाराष्ट्रातच पूर्वपीठिका होती. डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये मुंबईत स्थापन झालेली कर्करोग संशोधन संस्था टाटा स्मारक रुग्णालयाच्या जोडीने काम करीत आली. आज ती नवी मुंबईतील खारघर येथे प्रगत केंद्राच्या रूपाने कार्यरत आहे. डॉ. कमल रणदिवे, सुमती भिडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात या संस्थेत सुपारी व तंबाखू यांवर प्राण्यांत प्रयोग केले. सुपारीचा पाण्यातील अर्क पोटात दिलेल्या उंदरांत अर्बुदे होतात, हा त्यांचा निष्कर्ष १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. सुपारी ही स्वतःच कर्करोगकारक आहे, असा आंतरराष्ट्रीय संस्थेचा निर्वाळा प्रसिद्ध होण्यास त्यानंतर २००४ साल उजाडावे लागले. पूजेच्या तबकातील, लग्नाच्या बोलणीतील आणि पाहुणचारातील या वस्तूबद्दल असा निर्वाळा स्वीकारणे लोकांना जड जाते, हे समजण्यासारखे आहे.

खर्रा चघळणारा तो गालात एका ठराविक जागी तासन्‌तास धरून ठेवतो. त्या जागेची त्वचा दिवसातून अनेकदा पेरॉक्साइडच्या द्रावात भिजत राहते, आणि चुन्याने व सुपारीच्या कडांनी तिला बारीक जखमाही होतात. जखम भरण्यासाठी वाढीचे निरोप सुटतात. दार लावणारे पाटकरी निकामी झालेले असतात. जनुकद्रव्यात चुका साठत जातात. तोंड व घसा यांच्या बहुसंख्य कर्करोगांत ईजीएफ या वृद्धिघटकाचा ग्राहक प्रमाणाबाहेर वाढलेला आढळतो, ही गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. तंबाखूतील विषे या तयार जमिनीवर पेरली जातात.

कर्करोगाच्या आधी पुष्कळदा दुसराच एक विकार सुरू होतो. तोंडाच्या आतील त्वचेखाली तंतूंचे जाळे घट्ट होत जाते, त्वचा पांढुरकी व ताठ होते, तिखट लागताच आग होते आणि तोंड उघडेनासे होते. १९५२ मध्ये पूर्व आफ्रिकेतील भारतीय स्त्रियांत आणि १९५३ मध्ये मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी भारतातील रुग्णांत या विकाराचे वर्णन केले. आज तो लहान वयात खर्रा, मावा किंवा गुटखा सुरू केलेल्या मुलांत दिसतो. सुपारीतील ॲरेकोलिन हे अल्कलॉइड, तांबे आणि क्रियाशील रेणू मिळून तंतू तयार करणाऱ्या पेशींना चेतवितात, असे प्रयोगशाळेतील अभ्यासांवरून दिसते. घट्ट झालेले तंतू सवय सुटल्यावरही पूर्णपणे सैल होत नाहीत, पण सवय लवकर सुटल्यास विकाराची पुढची वाढ थांबण्याची शक्यता असते. या विकाराच्या काही रुग्णांत पुढे कर्करोग होतो, म्हणून त्यांची तपासणी नियमितपणे होणे जरूर असते.

महाराष्ट्र शासनाने २०१२ मध्ये गुटखा व पानमसाला यांवर बंदी घातली. खर्रा मात्र पाकीटबंद कारखानदारी मालापेक्षा हाताने घोटलेला असल्यामुळे त्याचा पाठलाग करणे कठीण जाते. ग्रामसभेचा ठराव आणि शाळेच्या परिसरातील ठेल्यांवरील प्रत्यक्ष देखरेख यांचा येथे उपयोग होतो. गडचिरोली जिल्ह्यात २०१६ पासून सुरू झालेल्या मुक्तिपथ या उपक्रमाने गावपातळीवरील अशा संघटित कामाचे उदाहरण घालून दिले आहे.

गोळ्यांचा अनुभव

प्राणवायूचे रेणू घातक, तर मग ते शोषून घेणाऱ्या गोळ्या घ्याव्यात, हा विचार साहजिक होता. अशा द्रव्यांना ऑक्सिडीकरणरोधक म्हणतात. बाजारात ती अँटिऑक्सिडंट या नावाने खपतात. त्यांची कसोटी मोठ्या प्रमाणावर घेतली गेली आणि तिचा निकाल अनपेक्षित लागला.

फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांना बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व, दोन्ही किंवा निरुपद्रवी गोळी देण्यात आली. १९९४ मध्ये निकाल जाहीर झाला तेव्हा बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण १८ टक्क्यांनी अधिक भरले. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या व ॲस्बेस्टॉसशी संबंध आलेल्या लोकांवर अशीच पाहणी चालू होती. तेथेही हे प्रमाण २८ टक्क्यांनी अधिक असल्याचे आढळून १९९६ मध्ये ती मुदतीपूर्वीच थांबवावी लागली. ३५ हजारांहून अधिक पुरुषांच्या आणखी एका पाहणीत ई जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेणाऱ्यांत पुरःस्थ ग्रंथीचा कर्करोग १७ टक्क्यांनी अधिक झाल्याचे २०११ मध्ये प्रसिद्ध झाले.

यामागील एक कारण उंदरांवरील प्रयोगांतून पुढे आले. २०१४ मध्ये स्वीडनमधील संशोधकांनी फुप्फुसाच्या कर्करोगाची सुरुवात झालेल्या उंदरांना ई जीवनसत्त्व व एन-ॲसिटिल सिस्टीन दिले. गाठी अधिक झपाट्याने वाढल्या आणि उंदीर लवकर मेले. क्रियाशील रेणू वाढले की पेशीतील पी-५३ हे पहारेकरी प्रथिन जागे होऊन संशयित पेशीची वाढ थांबविते. गोळ्यांनी रेणू शोषून घेतल्यामुळे पहारेकऱ्याला जाग येईना. दोरीवरच्या डोंबाऱ्याला बाहेरून कोणी आधाराचा हात दिला, असेच हे झाले. या प्रयोगांवरून भाजीपाला व फळे यांबद्दल मनात शंका आणण्याचे कारण नाही. मेथी, आवळा किंवा पेरू यांतून मिळणारी द्रव्ये बेताच्या प्रमाणात व इतर असंख्य घटकांसह शरीरात जातात. मोठ्या मात्रेच्या गोळीची गोष्ट निराळी आहे. खर्रा खाऊन वर गोळी घेतल्याने हिशेब बरोबर होतो, असे मानण्यास तर कोणताच आधार नाही.

कर्करोगावरील प्रचलित उपचारांपैकी काही या रेणूंचाच शस्त्र म्हणून वापर करतात. किरणोपचारात पेशीतील पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक निर्माण होतात आणि ते कर्करोगाच्या पेशीचे जनुकद्रव्य तोडतात. प्राणवायू कमी असलेल्या गाठीवर किरणांचा परिणाम कमी होतो, हे १९५० च्या दशकापासून ठाऊक आहे. काही औषधेही अशाच मार्गाने पेशीचा तोल घालवितात. म्हणून किरणोपचार किंवा औषधोपचार चालू असताना रुग्णाने शक्तिवर्धक म्हणून विकल्या जाणाऱ्या ऑक्सिडीकरणरोधक गोळ्या परस्पर घेऊ नयेत. घेत असल्यास डॉक्टरांना तसे सांगावे. नातेवाईक प्रेमापोटी असे डबे आणून देतात, त्यामुळे ही सूचना त्यांच्याही कानावर जावयास हवी.

तोंडाची तपासणी

तोंडाचा कर्करोग आतल्या अवयवांतील कर्करोगासारखा दडून राहात नाही. उजेडात, आरशासमोर तोंड उघडून गालांची आतील बाजू, हिरड्या, जीभ व जिभेखालची जागा पाहता येते. पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत भरून न येणारा व्रण, हाताला लागणारी गाठ, गिळताना अडचण, विनाकारण हलू लागलेला दात, यांपैकी काहीही आढळल्यास दाखविण्यास उशीर करू नये. स्वतःच्या हाताची तीन बोटे एकावर एक ठेवून उभी तोंडात जातात की नाही, ही चाचणी शिक्षकांना वर्गात सहज घेता येईल. बोटे जात नसतील, तर त्या विद्यार्थ्याला रागावण्यापूर्वी दंतवैद्याकडे पाठविणे अगत्याचे आहे.

नाकाडोंगरीच्या परिसरातील व्यक्तीला प्रथम जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, नंतर तुमसर येथील उपजिल्हा रुग्णालयात किंवा भंडारा येथील जिल्हा सामान्य रुग्णालयात जाता येते. पुढील तपासणीसाठी नागपूर येथे शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे, आणि उपचारांसाठी तेथेच राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय आहे. कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व औषधोपचार यांचा महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत समावेश असून शिधापत्रिका व ओळखपत्र सोबत नेल्यास अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडून नोंदणी करून घेता येते.